बोट, बॉट आणि बोटचेपेपणा

भांडायला समोर माणूस लागतो, ही साधी गोष्ट मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी नव्याने शिकावी लागली. तोवर मी पुष्कळ भांडलो आहे. नळाच्या पाण्यावरून भांडलो, रेशनच्या साखरेवरून भांडलो, मुलीच्या लग्नात मानपानावरून व्याह्यांशी भांडलो. आणि त्या प्रत्येक भांडणात समोरच्या गृहस्थाला निदान दोन कान आणि एक तोंड होते. तो चिडत होता, लाल होत होता, क्वचित भांडण संपल्यावर चहाही मागवत होता. गेल्या डिसेंबरात मात्र माझ्यावर अशा एकाशी भांडण्याचा प्रसंग आला, की जो कधी चिडत नाही, कधी थकत नाही, दर वाक्याला ‘नमस्कार’ म्हणतो, आणि ज्याच्यापुढे डोके आपटले तर फुटते ते आपलेच. त्याला बॉट म्हणतात. दिवाळीच्या अंकात असल्या कोरड्या विषयाचे काय काम, असे म्हणून जे वाचक पान उलटण्याच्या बेतात असतील, त्यांनी हातातली चकली संपेपर्यंत तरी थांबावे. हा प्राणी त्यांच्याही खिशात येऊन बसला आहे.

प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीचे. अक्का ब्याऐंशी वर्षांची. उभा जन्म तिने मराठी शाळेत पोरांना बाराखडी शिकवली आणि आता निवृत्तिवेतनावर आमच्याकडे सुखाने राहते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण अजून जिवंत आहोत असे कळवावे लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलणारे जिवंत लोक आपल्यात कमी नाहीत. २०१४ पासून तर हा दाखला यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. परंतु ज्या हातांनी जन्मभर खडू धरला आणि घरी येऊन भांडी घासली, त्या हातांच्या बोटांवर रेषा कुठून उरणार? अक्काने दहाही बोटे टेकवून पाहिली. यंत्राला ओळख पटेना. मग कागदावरचा दाखला भरून पोस्टाने पाठवला. तो पोहोचला की वाटेत कुठे वारला, ते कळेना. डिसेंबर उजाडला, सरत आला, आणि पैसे काही आले नाहीत.

त्या कार्यालयाचे नाव मी सांगत नाही. ते एकटेच तसे असते तर सांगितले असते. तिथला फोन कोणी उचलत नव्हते. उचलण्याऐवजी एक मंजुळ आवाज सांगे, की आपल्या सोयीसाठी आम्ही आता व्हॉट्सअ‍ॅपवर आलो आहोत, तिथे लिहा. अक्काने लिहिले. अक्का मोबाईलवरसुद्धा पत्रच लिहिते. ‘सा. न. वि. वि.’ पासून ‘कळावे’ पर्यंत सारे यथासांग. उत्तर डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच आले. ‘नमस्कार! मी आपली सहायिका. आपली सेवा करण्यात मला आनंद वाटतो. कृपया १ ते ५ पैकी एक पर्याय निवडा.’ त्या पाचांत अक्काचा प्रश्न नव्हता. तिने पुन्हा लिहिले. पुन्हा तोच नमस्कार, तोच आनंद, तेच पाच पर्याय. चौथ्या खेपेला मास्तरीणबाईंचा संयम सुटला आणि तिने लिहिले, ‘अहो बाई, मी अजून मेलेले नाही.’

त्यावर त्या सहायिकेचे उत्तर आले : ‘आपल्या कुटुंबीयाच्या निधनाबद्दल आम्हांला दुःख वाटते. मृत्यूची नोंद करण्यासाठी ४ लिहा.’

अक्का हसली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मला हसू आले नाही. एका बाईने सरळ मराठीत आपण जिवंत असल्याचे सांगावे आणि पलीकडून तिच्या मरणाचा दुखवटा यावा, आणि हे ऐकून घ्यायलासुद्धा कोणी माणूस जागेवर नसावा! अक्काचे बोट चालेना आणि कार्यालयाचा बॉट ऐकेना.

शेवटी जानेवारीत रिक्षा केली, तिला कशीबशी जिना चढवून वर नेले, तासभर खिडकीपुढे उभे राहिलो. खिडकीतला कारकून काही साधुपुरुष नव्हता. आधी त्याने आम्हांला दुसऱ्या खिडकीकडे पिटाळले, मग परत बोलावले. पण त्याने एकदा चष्म्यावरून अक्काकडे पाहिले आणि म्हणाला, “ह्याच का त्या? बसा, आजी.” संपले. समोर बसलेली बाई जिवंत आहे हे त्याला कोणत्याही पर्यायावाचून कळले. सही झाली, अंगठा झाला, आणि थकलेले पैसे पुढच्या महिन्यात मिळाले.

तिथेच मी हे प्रकरण सोडून दिले असते. पण मे महिन्यात माझी नात सुट्टीला आली. ती अकरावीत आहे. आमच्या गल्लीत एक छोटे वाचनालय आहे. संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते, सोमवारी बंद. तिथल्या ग्रंथपालांना दिवसभर लोक फोन करतात : उघडे आहे का, अमुक पुस्तक आले का, वर्गणी किती. नात म्हणाली, “आजोबा, ह्यांना एक बॉट करून देते.” मी म्हणालो, “खबरदार! ह्या घरात ते नाव काढायचं नाही.” ती म्हणाली, “मग शेजारी बसून बघा तरी, कसा करतात ते.” मी बसलो. त्या एका दुपारी मला जे कळले, ते सबंध डिसेंबरात कळले नव्हते.

बॉट म्हणजे काय, तर निरोप वाचून ठरलेला जबाब पाठवणारी चिठ्ठी. तिने तो टेलिग्रामवर केला. त्या कंपनीने २०१५ च्या जूनपासून बाहेरच्या कोणालाही आपल्या घरात असे बॉट उभे करायला मोकळीक दिली आहे. तिथे ‘बॉटफादर’ नावाचा एक मुख्य बॉट आहे, म्हणजे सगळ्या बॉटांचा बाप. त्याला ‘नवा बॉट हवा’ असा हुकूम टाइप करून द्यायचा. तो बारशाला बसल्यासारखा दोन नावे विचारतो, एक लाडाचे आणि एक दप्तरातले. दप्तरातल्या नावाच्या शेवटी ‘बॉट’ ही अक्षरे असावी लागतात. हा नियम मला फार आवडला. निदान पाटीवर तरी खरे लिहिलेले. मग तो एक लांबलचक किल्ली देतो, आकडे आणि अक्षरे मिळून झालेली. ती ज्याच्या हाती, त्याच्या ताब्यात बॉट. म्हणून ती कोणाला दाखवायची नाही. आणखी एक शिस्त अशी, की टेलिग्रामवरचा बॉट आपण होऊन कोणाशी बोलायला जात नाही. आधी माणसाने त्याला हाक मारायची, मग त्याने ‘ओ’ द्यायची. आमच्या लहानपणी पोरांना हेच सांगत असत.

पुढचे काम नातीने पायथन नावाच्या संगणकी भाषेत केले. पाच-सहा डझन ओळी असतील. त्यांत ती टेलिग्रामच्या यंत्राला पुन्हापुन्हा विचारते, ‘माझ्यासाठी काही निरोप आला आहे का?’ आला असेल तर त्यातले शब्द पाहते, आपल्या यादीत जुळणारा शब्द शोधते आणि त्या शब्दापुढचा जबाब ज्याचा निरोप त्याला धाडते. बस्स. याउपर त्यात काही नाही. पोस्टमनचे येणे, कारकुनाने फाईल पाहणे, छापील कार्ड पाकिटात घालणे, एवढेच ते नाटक.

पहिल्याच प्रयोगात फजिती झाली. मी विचारले, ‘वेळ काय?’ बॉट म्हणाला, सायंकाळी पाच ते आठ. आणि मग म्हणतच राहिला. पाच ते आठ, पाच ते आठ, पाच ते आठ! माझा मोबाईल जत्रेतल्या पिपाणीसारखा वाजू लागला. नात कपाळावर हात मारून म्हणाली, “अहो, मिळालेल्या निरोपाची पोच द्यायची राहिली.” तिकडचे यंत्र पोच मिळेपर्यंत तोच निरोप पुन्हापुन्हा देत राहते. ती एक ओळ घातल्यावर तो गप्प झाला. नंतर तासाभराने हिच्या आजीने ‘ह्या पेटीत गरम काय होतंय’ म्हणून संगणकाचे झाकण लावले, आणि बॉट जागच्या जागी निर्वाण पावला. झाकण उघडून कार्यक्रम पुन्हा चालू केला, तेव्हा पुन्हा जन्मला. ज्याला हयातीचा दाखला मागावा असा खरा प्राणी तो हाच.

मग अक्का आली. तिला म्हटले, विचार काहीतरी. तिने लिहिले, ‘आज वाचनालय बंद नाही ना?’ बॉट म्हणाला, ‘वाचनालय सोमवारी बंद असते.’ वार होता शुक्रवार. त्याने ‘बंद’ एवढा शब्द धरला, ‘नाही’ला विचारले कोणी! अक्काने दुसरा प्रश्न टाकला, ‘रामाच्या दंडकारण्यातील मुक्कामाविषयी एखादे पुस्तक आहे का?’ बॉट म्हणाला, ‘पुस्तक उशिरा परत केल्यास दररोज एक रुपया दंड.’

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘दंडकारण्य’ मध्ये ‘दंड’ सापडला, तसाच ‘मेलेले नाही’ मध्ये ‘मेले’ सापडला होता! त्या कार्यालयाची ती मधुर सहायिका म्हणजे दुसरे काही नव्हते, अशीच एक यादी होती. आणि ती यादी आकाशातून पडलेली नव्हती. कोणीतरी पगारी मनुष्याने खुर्चीत बसून ‘मेले’ या शब्दापुढे दुखवट्याचे वाक्य लिहिले होते, कोणी वरिष्ठाने त्यावर मान डोलावली होती, आणि मग दोघेही घरी जेवायला गेले होते. माझे भांडण बॉटाशी नव्हतेच. ते ह्या दोघांशी होते, आणि नेमके तेच दोघे मला भेटू नयेत म्हणून तो बॉट दारात बसवला होता.

आपल्या भाषेत ‘बोटचेपेपणा’ म्हणून एक शब्द आहे. ‘होय’ म्हणायचे नाही, ‘नाही’ म्हणायचे नाही, कोणाचा रोष घ्यायचा नाही आणि कोणाचे काम करायचे नाही. हा गुण पूर्वी माणसांना वर्षानुवर्षे नोकरी करून कमवावा लागे. आता तो तयार विकत मिळतो, चोवीस तास चालतो, रजा मागत नाही. जो जबाब देण्यासाठी नव्हे तर जबाब टाळण्यासाठी ठेवला आहे, तो बॉट हा बोटचेपेपणाचा कळस आहे, असा माझा आरोप आहे.

आणि ही भूल नवी नाही. साठ वर्षांपूर्वी एक सज्जन माणूस ती पाहून हादरला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. जन्म बर्लिनचा, ज्यू घरातला. १९३६ साली पोरवयात घरच्यांबरोबर जर्मनी सोडून अमेरिकेत आले. १९६६ साली त्यांनी ‘एलायझा’ नावाच्या संगणकी कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’ मधल्या फुलवालीचे. म्हणजे १९७५ साली पु. लं.नी जिला मराठीत ‘ती फुलराणी’ करून आणले, तिचीच ही यांत्रिक बहीण. ही एलायझा मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरासारखी बोले. तुम्ही म्हणालात, ‘माझी आई माझ्यावर रागावते,’ की ‘माझी’चे ‘तुमची’ करून, वाक्य उलटे फिरवून, ती आईविषयी आणखी सांगा म्हणे. काहीच सापडले नाही, तर ‘बरं, पुढे?’ या थाटाचे काहीतरी. नातीच्या बॉटात आणि हिच्यात जातीचा फरक नाही, चलाखीचा आहे.

तर वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीबाई. हा कार्यक्रम कसा घडत गेला ते बाईंनी महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिलेले. एकदा त्या यंत्राशी बोलायला बसल्या आणि दोन-चार वाक्ये होतात न होतात तोच साहेबांना म्हणाल्या, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? मनातले बोलायचे तर परक्याने ऐकू नये! ही हकीकत त्यांनी स्वतःच १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पुढे काही मानसोपचारतज्ज्ञसुद्धा म्हणू लागले, की वा, आता तासाला शेकडो रोगी यंत्राकडून तपासून घेता येतील. प्रयोगासाठी केलेली बाहुली लोक देव्हाऱ्यात बसवू लागले, हे पाहून तो गृहस्थ अस्वस्थ झाला आणि २००८ साली वारेपर्यंत संगणकाच्या आंधळ्या भक्तांविरुद्ध बोलत राहिला. घरचाच माणूस घरचे भांडे वाजवू लागला, की ते जास्त ऐकू येते.

सेक्रेटरीबाईंना मी हसत नाही. मायेचा शब्द कानी पडला की आपण तो कुठून आला हे विचारत नाही. हा मनुष्यस्वभाव आहे. माझी तक्रार त्या स्वभावाचा फायदा घेणाऱ्यांवर आहे. ‘आपली सेवा करण्यात मला आनंद वाटतो’ हे वाक्यच घ्या. कोणाला आनंद वाटतो? यादीला? ज्याला भूक नाही, झोप नाही, ज्याचे झाकण लावले की जीव जातो, त्याने ‘मला’ म्हणायचे कोणत्या तोंडाने?

आमच्या घरी या ‘मी’वरून मोठा खल झाला. इंग्रजी बॉटाचे बरे असते. त्याच्या ‘मी’ला लिंग नसते. मराठीत ती सोय नाही. नातीने जबाब लिहायला घेतले आणि पहिल्याच वाक्याला अडली. “आजोबा, हा ‘मदत करतो’ म्हणेल की ‘मदत करते’?” मी म्हणालो, ते कार्यालयातलं ‘करते’ म्हणतं. तशी ती उसळली. “का म्हणून? दिवसभर ‘क्षमा करा’ म्हणायचं काम आलं की लगेच बाईचं नाव!” मला उत्तर सुचले नाही. खरोखरच, माफी मागणारे, ‘जरा थांबा’ म्हणणारे हे आवाज बायकांचेच का असावेत? साहेब आत, बाई दारात, ही जुनी व्यवस्था नव्या यंत्रातही आपण जशीच्या तशी नेऊन ठेवली. ‘मग करतं म्हणू या का?’ असे मी सुचवले; ते आम्हां दोघांनाही तान्ह्या मुलासारखे वाटले. शेवटी नातीने एक घाव दोन तुकडे केले. तिने ‘मी’च काढून टाकला. ‘वाचनालयाची वेळ : सायंकाळी ५ ते ८. सोमवारी बंद.’ नमस्कार नाही, आनंद नाही. भिंतीवरची पाटी जशी बोलते तसे. खोटे पडले ते फक्त सौजन्य, माहिती खरी राहिली.

बाकीची मेहनत व्याकरणाची होती आणि तिथे मी उपयोगी पडलो. मराठी शब्द एका रूपात स्वस्थ बसत नाही. ‘वेळ’ विचारणारे थोडे, ‘वेळेत’, ‘वेळा’, ‘वेळेचं’ म्हणणारे फार. ‘कादंबरी’ची ‘कादंबऱ्यांमध्ये’ होते. सामान्यरूपाचा जो धडा शाळेत मला नकोसा वाटे, तो साठ वर्षांनी नातीच्या कामी आला. त्यात निम्मे लोक मराठी लिहितात ते रोमन अक्षरांत. कोणी ‘वेळ’चा ‘व’ एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या, आणि ‘ळ’चे तर हाल कुत्रा खाईना. हे सगळे यादीत घातले. ‘दंड’ शब्द स्वतंत्र असेल तरच दंड सांगावा, अशी अट घातली. वाक्यात ‘नाही’, ‘नको’ आले तर सरळ जबाब द्यायचा नाही, अशीही घातली. पोरीला दोन दिवस लागले. पैसे एकही लागले नाहीत. ज्या कार्यालयापाशी शेकडो माणसे आणि कोट्यवधींचा व्यवहार आहे, त्याला हे दोन दिवस का मिळत नाहीत?

येथे माझे काही तरुण मित्र हसतील. म्हणतील, आजोबा, तुमची माहिती शिळी झाली. शब्द जुळवणारे बॉट गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून यंत्रे अस्खलित वाक्ये रचू लागली, मराठीतसुद्धा. ‘मेलेले नाही’चा अर्थ त्यांना बरोबर लागतो. मान्य आहे. नातीने मला तेही दाखवले. ते खरोखरच थक्क करणारे आहे, आणि अक्काला असे यंत्र भेटले असते तर निदान स्वतःचा दुखवटा तरी वाचावा लागला नसता. पण हे यंत्र डोंगराएवढा मजकूर वाचून, कशामागून काय येण्याचा संभव अधिक, त्या अंदाजाने शब्दापुढे शब्द ठेवत जाते. आणि ज्या ठामपणे खरे सांगते, त्याच ठामपणे प्रसंगी खोटेही सांगते. नातीच्या यादीत काय आहे ते नातीला पाठ होते. इथे पुढचे वाक्य काय निघेल ते घडवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. मग दारात बसवणाऱ्याची जबाबदारी वाढली की संपली?

संपली, असे म्हणून पाहिलेलेही आहे. कॅनडातली गोष्ट. २०२२ साली एका माणसाची आजी वारली. विमानाचे तिकीट काढताना त्याने एअर कॅनडा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बॉटाला विचारले, अशा दुःखाच्या प्रवासाला सवलत असते ती कशी मिळते? बॉट म्हणाला, आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांत अर्ज करा. त्याने तसे केले. कंपनी म्हणाली, प्रवास झाल्यावर सवलत मिळत नाही, हा नियम आमच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला आहे. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणापुढे गेले. तिथे कंपनीने जो बचाव मांडला त्याचा मथितार्थ असा, की बॉट हा एक स्वतंत्र इसम असून त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने तो झिडकारला आणि कंपनीला पैसे भरायला लावले. रक्कम सगळी मिळून आठशे डॉलरांच्या आसपास. कंपनीला ती चहापाण्याची. पण ‘बॉट तुमचा, तर बोलही तुमचे’ हे कोणीतरी निकालपत्रात लिहून दिले, याचा मला त्या माणसाइतकाच आनंद झाला.

आणखी एक आक्षेप मला जास्त टोचतो. लोक म्हणतात, तुमचे ते कारकून तरी काय मोठे देवमाणूस होते? खिडकीवर अपमान, ‘उद्या या’, ‘साहेब जेवायला गेलेत’; त्यापेक्षा हा गोडबोल्या बरा. यात तथ्य आहे. साधा, प्रामाणिक बॉट किती कामाचा असतो, हे २०२० च्या मार्चमध्ये आपण पाहिले. करोनाने घराघराची दारे लावली, तेव्हा केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मदतनीस बॉट उघडला होता. रोगाची लक्षणे काय, मदत कोठे मिळेल, हे रात्री-अपरात्री विचारायची ती एक सोय होती. पाटीचे काम पाटीने करावे, त्याबद्दल दुमत नाही. पण पाटी लावली म्हणून पाटीमागचे दार विटांनी बुजवायचे? कारकून वाईट असेल तर त्याच्या साहेबाकडे जाता येते. त्याच्या नावाने तक्रार करता येते. उद्या त्याची सून अक्काच्या हाताखाली शिकलेली निघू शकते. बॉटाला साहेब नाही, गाव नाही, लाज नाही. मोबाईल नीट हाताळता येणाऱ्या माणसाची यातून कशीबशी सुटका होते. ज्याला येत नाही, तो तिथेच १ ते ५ च्या चक्रात फिरत राहतो. मग तो अर्धवट वाटेत सोडून देतो, आणि तक्रार कमी झाली अशी नोंद होते.

म्हणून माझे मागणे आहे. ज्याने बॉट बसवला त्याने त्याच्या पहिल्याच ओळीत ‘हे यंत्र आहे’ असे लिहावे, त्याला कोणाच्या लेकीबाळीचे नाव देऊ नये, आणि न समजलेला प्रत्येक प्रश्न कोणत्या जिवंत माणसाच्या मेजावर पडणार ते हुद्द्यासकट सांगावे. जिथे असा माणूस नेमता येत नसेल तिथे बॉटही नेमू नये. आणि घरोघरच्या पालकांना माझी विनंती आहे, की या सुट्टीत पोरांनी अंगणात किल्ला केला, तसा एक बॉटही करू द्या. ज्या पोराने स्वतःच्या हाताने किल्ला केला त्याला मावळे मातीचे आहेत हे ठाऊक असते. तो त्यांच्याशी खेळतो, पण अडल्या वेळी त्यांना हाक मारत नाही.

आमच्या वाचनालयाचा बॉट सध्या ठीक चालला आहे. तो आता माझ्या घरच्या झाकणावर अवलंबून नाही. ग्रंथपालांच्या मेजावरच्या संगणकात तो सुखाने नांदतो. जे कळत नाही त्याला तो लिहितो, ‘हा प्रश्न यंत्राला समजला नाही. ग्रंथपालांकडे पाठवला आहे.’ आणि खरोखरच पाठवतो. नातीने ती एक ओळ सगळ्यांत शेवटी घातली. गणपतीच्या सुमारास एके संध्याकाळी दार वाजले. बघतो तो ग्रंथपाल, हातात छत्री, अंगावर पाऊस, चेहरा घाबरलेला.

“अक्का बऱ्या आहेत ना?”

“आहेत की. का हो?”

त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर अक्काचा निरोप होता. सा. न. वि. वि. करून तिने लिहिले होते, की मी जिवंत आहे.

आतून अक्काचा आवाज आला, “आले का ते? मी पाहत होते, पोहोचतंय का ते. चहा टाक रे.”